भुंगा शोधणारा शरणप्पा

सोलापुरात किल्ल्याच्या बाजूच्या थिएटरात मूकपट चालत होते, तोवर शरणप्पा हत्तुरे पडद्याखाली बसून फिडल वाजवायचा. त्याच्या एका बाजूला पेटीवाला, दुसऱ्या बाजूला मंगळवेढ्याकडचा धुळा नावाचा धनगर तबल्यावर. पडद्यावर घोडे सुटले की तिघंही सुटायचे. पडद्यावरची आई मरायला टेकली की धुळा तबल्यावरून हात काढून घ्यायचा आणि शरणप्पाची फिडल एकटीच रडायची. बायकांच्या बाजूनं नाक ओढल्याचे आवाज आले की शरणप्पाला आपलं काम झालं असं वाटायचं.

भवानी पेठेत त्याच्या बापाचं कडधान्याचं दुकान होतं. थोरला भाऊ गादीवर बसला. शरणप्पा बसला नाही. धारवाडकडचा एक म्हातारा वादक दर श्रावणात मठात यायचा, त्याच्याकडून हा फिडल शिकला. बाप म्हणायचा, हा पोरगा तूर आणि मसूर यांतला फरक डोळ्यांनी ओळखत नाही, पोतं हलवून आवाजावरून ओळखतो. बाप हे रागानं म्हणायचा, पण ते खरंच होतं.

सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा त्या थिएटरात बोलपट आला. मालक गुरुबसप्पा शेठनी तिघांना बोलावलं आणि सरळ सांगितलं, "आता पडदाच गातोय. तुमाला खाली बसवून काय करू मी?" शेठ वाईट माणूस नव्हता, त्याच्याजवळ दुसरं उत्तरच नव्हतं. धुळा मेंढरांकडं परत गेला. पेटीवाला बार्शीला एका नाटक कंपनीत लागला. शरणप्पानं मात्र दारावर तिकिटं फाडायचं काम मागून घेतलं.

त्याची बायको सुंदरम्मा शेजारच्या पद्मशाली विणकरांच्या घरी सुताच्या कांड्या भरायला जायची. ती सूत गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "जितं वाजवलं तितंच तिकिटं फाडायची? लाज न्हाय वाटायची?"

"लाज कसली त्यात," शरणप्पा म्हणाला. "आत काय वाजतंय ते तरी ऐकतो की."

आणि पहिल्याच खेळाला त्यानं ते ऐकलं. पडद्यावरची नायिका गात होती, लोक माना डोलवत होते, आणि तिच्या गाण्याच्या तळाशी काहीतरी सारखं घुमत होतं. ती गायची थांबली तरी ते थांबत नव्हतं. बंद खोलीत भुंगा शिरावा तसं. बाकी कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. बोलणाऱ्या चित्रांचं नवल इतकं होतं की त्यांच्यामागे कोण घुमतंय याकडं कोण बघतो? शरणप्पाला मात्र दुसरं काही ऐकू येईना. नायिकेचा षड्ज एक आणि भुंग्याचा सूर दुसराच, दोन्ही एकमेकांना घासत होते. फिडलची एक तार उतरलेली असताना मैफल पुढं रेटावी तशी त्याची तगमग झाली.

मशीन चालवणारा नरसय्या नावाचा तेलुगू माणूस होता. मुंबईला जाऊन ध्वनियंत्राचं काम शिकून आलेला, स्वभावानं मोकळा. शरणप्पा दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीत गेला. "तुजं मशीन गातंय," तो म्हणाला.

"गाण्यासाठीच आणलंय ते."

"तसं न्हाय. चित्र बंद असतानाबी गातंय. पेटीच्या पांढरी पाचच्या जरा वर, खर्जात."

नरसय्यानं मान तिरकी करून ऐकलं. त्याला तो आवाज इतका सवयीचा झाला होता की ऐकण्यासाठी डोळे मिटावे लागले. मग तो हसला. "हाय खरा. पण आता काढायचा कसा?"

"एकेक सोडवत जाऊ."

तेव्हापासून शरणप्पाची ती पद्धत पडली आणि पुढं तीच त्याची ओळख झाली. घाई करायची नाही. एक जोड सोडायचा, ऐकायचं. भुंगा गेला, तर तो त्या जोडाच्या पलीकडून येत होता. नाही गेला, तर जोड परत लावायचा आणि पुढचा सोडायचा. त्या दोघांनी सकाळच्या रिकाम्या थिएटरात असे कित्येक दिवस घालवले. शेवटी सापडलं ते एवढंच, की चित्राच्या पट्टीवरचा आवाज वाहून नेणारी बारीक तार मोटारीच्या जाड तारेला खेटून गेली होती. नरसय्यानं ती वेगळ्या वाटेनं नेली आणि खर्जातला भुंगा उडून गेला.

पुढच्या उन्हाळ्यानंतर दुसराच एक घुमायला लागला, आधीच्यापेक्षा एक सप्तक वरचा. शरणप्पानं तारा तपासल्याच नाहीत. तो म्हणाला, "ह्यो बाहेरचा न्हाय. ह्यो पेटीतच जन्मलाय." मशीनच्या कंपनीचा इंजिनियर मुंबईहून आला, त्यानं ॲम्प्लिफायरची पेटी उघडली. आतला एक कंडेन्सर सोलापूरच्या उन्हानं वाळून गेला होता. इंजिनियर खूश झाला. त्यानं शरणप्पाला शेजारी बसवून घेतलं. बाहेरची वीज ज्या लयीत थरथरते तिचा सूर खर्जात का येतो, आणि पेटीत ती वळवून सरळ करताना काही चुकलं की सूर दुप्पट वर का चढतो, हे त्यानं खडूनं फरशीवर काढून दाखवलं. तारांना कथलाचा डाग द्यायला शिकवलं. जाताना जुना कंडेन्सर आठवण म्हणून देऊन गेला. शरणप्पा फिडलवाला होता म्हणून त्याला ते सप्तकाचं गणित लगेच पटलं. दुसऱ्या कुणाला इतक्या सहज पटलं असतं की नाही कोण जाणे.

मग गावात बोलबाला झाला. पेठेतल्या ज्या चार घरांत रेडिओ होते तिथून बोलावणी यायला लागली. गिरणीतल्या सभेचा लाऊडस्पीकर, लग्नातला ग्रामोफोन, सगळ्यांचे भुंगे काढायला शरणप्पा. गेल्या गेल्या तो सगळ्यांना गप्प बसायला सांगायचा आणि भिंतीला टेकून नुसता ऐकायचा. घरातली माणसं अवघडून जायची, कारण आपल्याच घरात इतकं शांत बसायची त्यांना सवय नसायची.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचा तो उन्हाळा. मे महिना. गुरुबसप्पा शेठच्या मनात आलं की चित्राच्या आधी पडद्यासमोर काहीतरी नवं दाखवावं. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये डॅनियल साळवे नावाचा तरणा फिटर होता, नगरकडच्या मिशनच्या शाळेत शिकलेला. रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे तिथल्या क्लबात, एका गोऱ्या गार्डाकडून तो हवाईयन गिटार शिकला होता. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवर लोखंडी कांब फिरवून वाजवायची ती. मुंबईला बंदरावर एका अमेरिकन खलाशानं त्याला विजेची गिटार विकली होती. तिला पोट नव्हतंच. तारांखाली लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं, तिथून एक वायरची दोरी निघून ॲम्प्लिफायरच्या पेटीला जायची आणि सूर पेटीतून बाहेर पडायचा. पेटी अमेरिकेच्या कमी दाबाच्या विजेवर चालणारी. म्हणून डॅनियलनं वर्कशॉपमध्ये स्वतःच्या हातानं तारा गुंडाळून एक ट्रान्सफॉर्मर केला होता. शेठनी गावभर जाहिरात लावली: विजेवर गाणारी तार.

रविवारी सकाळच्या गाडीनं डॅनियल सगळा पसारा घेऊन उतरला. शरणप्पा आणि नरसय्या थिएटरात वाटच बघत होते. पेटी लावली, गिटार जोडली, आणि पूर्ण थिएटर घुमायला लागलं. डॅनियल ओशाळला. "अण्णा, इन्स्टिट्यूटमध्ये पण असाच येतो हा. तिथं नाचणाऱ्यांच्या बुटांच्या आवाजात कळत नाही. म्हणून तर तुमचं नाव ऐकून आलो."

"बगू की," शरणप्पा म्हणाला. "आदी गिटार सोडव."

गिटारची दोरी काढली. पेटी गप्प झाली. शरणप्पानं पेटीला कान लावला. वरच्या सप्तकातलं काही नव्हतं. "पेटी निरोगी हाय. आता लाव." दोरी लावली आणि खर्ज परत आला. म्हणजे तो गिटारमधून शिरत होता.

डॅनियल मांडीवर गिटार घेऊन बसला होता. काहीतरी उचलायला तो खुर्चीत वळला आणि वळता वळता भुंगा बारीक झाला. तिघांनीही ते ऐकलं. शरणप्पानं त्याला खुर्चीसकट हळूहळू फिरवायला सुरुवात केली, जशी कुलपात किल्ली फिरवावी. एका बाजूला तोंड केलं की मोठा, दुसऱ्या बाजूला केलं की लहान. नरसय्या खाली वाकून बघायला लागला, तर ट्रान्सफॉर्मर खुर्चीच्या पायाशीच ठेवलेला.

"वेटोळ्याला वेटोळं हाक मारतंय," नरसय्या म्हणाला. त्यानं लांब तार शोधून आणली आणि ट्रान्सफॉर्मर पडद्याच्या पार कडेला नेऊन ठेवला. खुर्ची जरा तिरकी केली. भुंगा निम्म्याहून कमी झाला.

उरलेला कुठून येतो हे कळेना. तेवढ्यात डॅनियलनं तारांवर तळहात ठेवला आणि आवाज एकदम गेला. हात उचलला, परत आला. ठेवला, गेला. डॅनियलचा चेहरा खुलला. "झालं की मग! वाजवताना हात तारांवरच असतो. भुंगा येणारच नाही."

गुरुबसप्पा शेठ मागच्या खुर्चीवर बसून बघत होते. तेही उठले. "चला, सुटलो. जेवून घ्या आता सगळे."

शरणप्पा उठला नाही. तो त्या तळहाताकडं बघत राहिला. आजवर त्यानं काढलेला एकही भुंगा माणसाच्या हातानं गेला नव्हता. "हात लावला की जातोय," तो सावकाश म्हणाला, "म्हंजे ह्याचं अंग मदी आल्यावरच वाट मिळतीय त्याला. कशाची वाट?"

त्यानं डाव्या हाताच्या बोटांची मागची बाजू तारांना टेकवली आणि उजवा हात पडद्याच्या लोखंडी खांबाकडं नेला. खांबाला नुसता स्पर्श झाला असेल नसेल, शरणप्पा मागं फेकला गेला आणि लाकडी फळ्यांवर आदळला. नरसय्यानं झडप घालून प्लग उपटला.

शरणप्पा उठून बसला, बोटं उघडून मिटून बघितली. मग म्हणाला, "भुंगा त्रास देतो, पण मारत न्हाय. ह्ये मारील."

डॅनियल आपल्या बोटांकडं बघत होता. "मला कधीपासून मुंग्या येतात वाजवताना," तो म्हणाला. "मी म्हणत होतो कामाचा शीण असेल. लाकडाच्या फळीवर बूट घालून बसतो म्हणून वाचलो. आमच्या शॉपमध्ये एक जण असाच गेला, अण्णा. एक हात यंत्राला, एक हात रुळाला."

नरसय्यानं ट्रान्सफॉर्मर उघडला. एका ठिकाणी तारेवरचं सुती वेष्टण झिजून तांबं लोखंडी चौकटीला टेकलं होतं, आणि तिथून वीज पेटीच्या पत्र्यावर, पत्र्यावरून गिटारच्या तारांवर आली होती. डॅनियलनं ते स्वतःच सोडवलं, पट्टी गुंडाळली, वर लाख लावली. "घाईत केलेलं काम," एवढंच तो म्हणाला.

शेठना वाटलं, आता तरी झालं. पण शरणप्पानं मान हलवली. "आज हितं झिजलं, उद्या दुसरीकडं झिजंल. सुटलेली वीज जमिनीत जायला तांबं पुरून पेटी त्येला बांदल्याशिवाय म्या वायर जोडत न्हाय."

"अरे, तिकिटं गेलीत सगळी. लोक यायला लागतील की आता."

"येऊ द्या. बसतील."

"आणि नाही बसले तर?"

"तर ओरडतील, मालक. ओरडून कोण मरत न्हाय."

शेठनी त्याच्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत शरणप्पानं त्यांना उलट उत्तर दिलेलं नव्हतं. नोकरी गेली तेव्हासुद्धा नाही. "बरं, पुर तांबं," ते म्हणाले.

रविवारची दुकानं बंद, तांब्याचा पत्रा कुठून आणायचा? शरणप्पा घरी गेला. सुंदरम्मा जेवायला वाट बघत होती. त्यानं सगळं सांगितलं आणि न्हाणीतल्या तांब्याच्या घंगाळाकडं बघितलं. ते तिच्या आईनं लग्नात दिलेलं होतं, अक्कलकोटहून बैलगाडीतून आलेलं.

"परत मिळायचं न्हाय," तो म्हणाला. "पुरलं की पुरलं."

सुंदरम्मानं घंगाळात उरलेलं पाणी ओतून टाकलं, पदरानं ते कोरडं केलं आणि त्याच्या हातात दिलं. "त्यो पोरगा कुणाचा हाय?"

"नगरकडचा हाय. आई हाय त्येला."

"मग जा की. उबं काय राहिलाय."

थिएटरच्या मागं जमीन म्हणजे नुसता मुरूम, पहारीला ठिणग्या उडणारा. डॅनियल आणि नरसय्या आळीपाळीनं खणत होते. शेठनीही कोट काढून ठेवला आणि घमेली उचलली. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घातलं, घंगाळाच्या कडेला तार डाग देऊन जोडली आणि ते उपडं पुरलं. पण कोरड्या मातीत वीज मुरत नाही, ओल हवी. आणि मे महिन्यात पाणी कुठलं? फाटकाशी भाजलेल्या शेंगा विकणारी अक्कम्मा नावाची म्हातारी हे सगळं बघत होती. "कुणाला पुरताय रं?" तिनं विचारलं. नरसय्यानं समजावून सांगितलं. तिला किती कळलं कुणास ठाऊक, पण तिनं गिऱ्हाइकांसाठी भरून ठेवलेला माठ उचलून आणला आणि त्या मातीवर सगळा रिकामा केला.

तोवर आत लोक भरले होते. खुर्च्यांवर पाय आपटत होते. गुरुबसप्पा शेठ मातीनं माखलेल्या धोतरानिशीच पडद्यासमोर गेले आणि म्हणाले, "वीज जमिनीत सोडायचं काम चाललंय. जरा दम धरा." मागून कुणीतरी ओरडलं, "सोडा की लवकर!" सगळं थिएटर हसलं आणि त्या हसण्यात आणखी थोडा वेळ मिळाला.

शरणप्पानं तार पेटीच्या पत्र्याला जोडली. वीज चालू केली. डॅनियलला लांब उभं केलं आणि पुन्हा स्वतःच बोटांची मागची बाजू तारांना लावून खांबाला हात लावला. काही झालं नाही. त्यानं हात काढला. कुणाचाच हात तारांवर नव्हता, आणि पेटीतून आवाज नव्हता. समोरून लोकांचं खोकणं ऐकू येत होतं, खुर्च्यांचं करकरणं, बाहेर टांग्याच्या घोड्याच्या घुंगरांचा आवाज. शरणप्पानं डॅनियलला खुणेनं बोलावलं.

डॅनियल तिरक्या खुर्चीवर बसला आणि वाजवायला लागला. आधी एक विलायती चाल, मग लावणीची, आणि मग मठात म्हणतात ते एक कन्नड वचन. ते दुपारी खणताना शरणप्पा गुणगुणत होता, तेवढ्यावरून पोरानं उचललं होतं. लोखंडी कांब तारांवरून सरकायची आणि सूर माणसाच्या गळ्यासारखा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर ओघळायचा. मागच्या बाकांवरचे कन्नड घरांतले लोक ते वचन ओळखून ओठ हलवायला लागले. एक सूर लांबत लांबत विरून गेला, त्याच्या मागं काहीच उरलं नाही, आणि त्या मोकळ्या जागेत कुणी टाळीही वाजवली नाही. थोड्या वेळानं वाजल्या, खूप वाजल्या.

शरणप्पा सगळा वेळ कडेला उभा होता, एक हात बटणावर ठेवून.

"कसं वाजवलं रे त्यानं?" नरसय्यानं नंतर विचारलं.

"कोण जाणे," शरणप्पा म्हणाला. "म्या सुरांच्या मदलं ऐकत होतो."

त्या दिवसानंतर शेठनी त्याला दारावरून काढून मशीनच्या खोलीत नरसय्याच्या जोडीला घेतलं. पुढं लढाई सुरू झाली, सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा भवानी पेठेतल्या एका खोलीत शरणप्पानं स्वतःचं दुरुस्तीचं काम मांडलं. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, सगळीकडून पेट्या यायच्या. डॅनियल सुटीच्या दिवशी कुर्डुवाडीहून यायचा आणि दोघं मिळून ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचे, घाई न करता. कुठल्याही गावी लाऊडस्पीकर लावायला गेला की शरणप्पा आधी कुदळ आणि पाणी मागायचा. लोक चेष्टा करायचे, हा गाणं लावायला आलाय की झाड? तो खड्डा खणून होईपर्यंत उत्तर द्यायचा नाही. त्याच्या हातून जोडलेल्या यंत्रानं कधी कुणाला इजा झाली, असं सोलापुरात कुणी सांगितलेलं नाही.

अक्कम्मा रोज फाटकावर शेंगा विकायला बसायची आणि उठताना माठातलं उरलेलं पाणी त्या जागेवर ओतून जायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "शरणप्पानं सांगितलंय."

गुरुबसप्पा शेठनी सुंदरम्माला नवं घंगाळ पाठवलं, आधीच्यापेक्षा मोठं. तिनं ते घेतलं. पण पत्रा पातळ आहे आणि पाणी लवकर निवतं, अशी तिची तक्रार शेवटपर्यंत होती.